टिचकी वाजेपर्यंत

वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या वेताच्या खुर्च्या बसायच्या लायकीच्या उरल्या नव्हत्या. कुणाच्या खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलेलं, कुणाच्या खुर्चीवर घरून आणलेली उशी. समितीच्या प्रत्येक बैठकीत विषय निघायचा आणि चहा आला की संपायचा. शेवटी एका रविवारी औषधांच्या दुकानाचे मालक, जे देहानेही मालकच आहेत, खुर्चीत असे रुतले की त्यांना दोघांनी दोन हात धरून ओढून काढावं लागलं. तेव्हा कुठे समितीला जाग आली. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून वेतवाल्याला सांगून यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

मला लिहिण्याची सवय नाही. दोन ओळींचं पत्र लिहायचं तरी कागद फाडत बसतो. पण त्या खोलीत जे झालं ते पाहणारे आम्ही मोजकेच होतो, आणि बाकीचे माझ्याहूनही आळशी. जमेल तसं सांगतो.

वेतवाल्याची खोली बाजारामागच्या गल्लीत, तळमजल्यावर. दारातच पाण्याची मोठी बादली, तिच्यात वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. भिंतीला टांगलेल्या बिनबैठकीच्या खुर्च्या, जणू दात पडलेल्या म्हाताऱ्या. पूर्वी लोक त्या खोलीत खुर्चीच्या निमित्ताने यायचे आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, बोलणं ऐकायला थांबायचे. वेतवाला स्वतः अबोल. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. वहिनींचं उलट. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कोणत्या डॉक्टरचा हात हलका, कोणत्या दुकानातली सुतळी कुजकी, सगळं त्यांच्या जिभेवर. 'आमच्यात बोलायचं खातं माझ्याकडे, ऐकायचं त्यांच्याकडे,' असं त्या म्हणायच्या.

काम मात्र दोघं न बोलता करायची. खुर्ची दोन स्टुलांवर उंच ठेवलेली. वेतवाला वर, वहिनी खाली बुटक्या पाटावर. तो वरून भोकात वेताची पट्टी घालणार, ती खालून घेणार, शेजारच्या भोकातून वर देणार. पट्टी नीट हातात आली की ती चौकटीला नखाने टिचकी मारायची. एक टिचकी वाजली की तो ओढायचा, लागोपाठ दोन वाजल्या तर थांबायचा. टिचकीआधी ओढलं तर पट्टी पिळवटते, आणि ओला वेत एकदा पिळवटला की वाळल्यावर तिथेच तुटतो. पुढची पट्टी कुठे जाणार, केव्हा लागणार, हे एकमेकांना सांगावं लागायचं नाही. मागायच्या आत हातात द्यायचं, हीच त्या कामातली हुशारी.

मग वहिनींच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. म्हणजे अगदीच गेले नाहीत. काय म्हणायचं ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं, पण तोंडातून भलतंच निघायचं, किंवा अर्ध्यावर अडकायचं. अडकलं की समोरचा माणूस ते पुरं करून टाकायचा. लोक चांगलेच होते हो, पण चांगुलपणाची घाई वाईट. कुणी त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचं, कुणी त्यांच्या डोक्यावरून वेतवाल्याला विचारायचं, यांना साखर चालते का? हळूहळू त्यांनी प्रयत्न सोडला. मान हलवायची तीही नाइलाज झाला तरच.

आणि वेतवाला बोलायला लागला. जन्मभर घुम्या असलेला माणूस आता दोघांचं बोलायचा. तिला भूक नाही. तिला पंखा नको. ती म्हणते, तुम्ही फार दिवसांनी आलात. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या, बाहेर बघत.

खुर्च्या पुष्कळ होत्या, म्हणून तो वाचनालयातच येऊन काम करणार असं ठरलं. वहिनींना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, तेव्हा त्याही बरोबर. खिडकीपाशी त्यांची खुर्ची, मध्ये बादली, आणि तो. एकटाच पट्टी वरून घालायचा, गुडघ्यावर बसून खालून काढायचा, गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उठायचा. बघणाऱ्याचेच गुडघे दुखावेत.

त्याच खोलीत रविवारी सकाळी आमचा एका भाषेचा वर्ग भरायचा. त्याचं जरा सांगायला हवं. ती भाषा कुठल्याच देशाची नाही. कुणा एका माणसाने टेबलाशी बसून रचलेली. सगळ्यांनी ती सारखीच परकी मानावी, म्हणजे कुणी कुणावर रुबाब करणार नाही, अशी त्यामागची कल्पना. शिकवायला निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई होत्या. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलेलं. शिकणारे आम्ही थोडेच. औषधवाले होते, त्यांना परदेशातल्या एका तिकिटं जमवणाऱ्याशी पत्रव्यवहार करायचा होता. दोघी बहिणी होत्या, ज्या कुठल्याशा कपाटावरून एकमेकींशी आपल्या भाषेत बोलत नव्हत्या, पण या भाषेत बोलायला त्यांची हरकत नव्हती. आणि मी, कारण किल्ली माझ्याकडे.

वर्गाचे नियम दोन. आत आल्यावर आपली भाषा बोलायची नाही. आणि दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही, तो अडकला तर अडकू द्यायचा. जो नियम मोडेल त्याने वर्गानंतर सगळ्यांचे कप धुवायचे. बाई म्हणायच्या, लाइन जोडून दिली की ऑपरेटरने बाजूला व्हायचं असतं.

त्या रविवारी प्रश्नांचे शब्द होते. नूका म्हणजे कोण, नूमो म्हणजे काय, नूबे म्हणजे कुठे, नूशी म्हणजे का. सगळे 'नू'चे भाऊबंद. औषधवाले म्हणाले, हे बरंय, नू ऐकू आलं की सावध व्हायचं. बाईंनी त्यांना कपांकडे बोट दाखवलं, कारण ते आपल्या भाषेत म्हणाले होते.

खरं सांगायचं तर प्रश्न विचारणं आम्हाला जड गेलं. आपल्या भाषेत आपण विचारतो कुठे? घरातलं 'कुठे होतास' हे विचारणं नसतं, ती झडती असते. 'कशाला' म्हटलं की त्यात 'काही गरज नव्हती' हे आलंच. आणि 'कसं काय' ला उत्तर ठरलेलं. सरणावरचा माणूससुद्धा उठून 'बरंय' म्हणेल. या नव्या शब्दांना असला काही वास नव्हता. धाकट्या बहिणीने थोरलीला नूबे विचारलं, तर थोरलीला खरंच वाटलं की हिला फक्त कुठे एवढंच हवंय.

तेवढ्यात औषधवाल्यांची पेन्सिल पडली आणि ते ती शोधायला टेबलाखाली शिरले. बाईंनी संधी साधली आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे हात करून विचारलं, नूबे? 'खाली'साठीचा शब्द आदल्या आठवड्यात झाला होता. कुणालाच आठवेना. मी वहीत बघायला लागलो. बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळेच चाचपडत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"दोम," खिडकीजवळून आवाज आला.

शब्द बरोबर होता. वहिनी आठवड्यामागून आठवडे तिथे बसून ऐकत होत्या हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. वेतवाल्याच्या हातातली पट्टी बादलीत पडली. तो उठला, ओले हात पसरून सगळ्यांना आनंदाने सांगू लागला, "ती म्हणते खाली. खाली म्हणते ती."

बाईंनी दोन बोटं वर केली. एका वाक्यात दोन्ही नियम मोडले होते. त्या दिवशी कप त्याने धुतले, आणि धुताना शीळ घातली.

पुढच्या रविवारपासून ती दोघं वर्गात बसू लागली. कुणी भलता अर्थ काढू नये. त्या भाषेने वहिनी बऱ्या झाल्या नाहीत, आणि डॉक्टरांनीही तसं काही सांगितलं नव्हतं. शिकलेल्या शब्दांपैकी बरेच त्या विसरायच्या. पण आम्हीही विसरायचो. त्या शब्द शोधत थांबायच्या, तसे औषधवालेही थांबायचे, डोळे मिटून, कपाळ चोळत. तिथे अडखळणं हीच सगळ्यांची चाल होती, आणि त्यात वहिनींचं अडखळणं वेगळं उठून दिसत नव्हतं. मला वाटतं त्या तेवढ्यासाठी यायच्या. वेतवाला मात्र दर रविवारी कप धुवायचा. वहिनींनी तोंड उघडलं रे उघडलं की तो शब्द हजर करायचा. मागायच्या आत हातात.

याच सुमारास त्यांच्या मुलाचे फोन वाढले. मुलगा दुसऱ्या शहरात, नोकरी चांगली, सूनही चांगली. तिकडे मोठे डॉक्टर आहेत, खोली तयार करून ठेवली आहे, आता ते वेताचं खूळ सोडा, असं त्याचं म्हणणं. इकडे खोलीच्या मालकाला महिनाअखेर पक्कं उत्तर हवं होतं, जागा ठेवताय की सोडताय. सोडली की परत मिळणार नव्हती. वेतवाला काम करता करता मला हे सांगायचा. एकदा म्हणाला, ती म्हणते इथून हलायचं नाही. चार दिवसांनी म्हणाला, ती म्हणते जाऊ या, मुलाला वाईट वाटेल. आठवड्याभरात वहिनींनी दोन्ही म्हटलं होतं, आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं नाही. माझा तो स्वभाव नाही.

मग मनाच्या शब्दांचा धडा आला. आनंद सेमा, भीती पोवी, कंटाळा लुनी, राग ब्रिमा. बाईंनी सांगितलं, जोडीजोडीने बसा. एकाने विचारायचं, तुला काय वाटतं? मग का? मग तुला काय हवं? विचारून झालं की हाताची घडी घालायची आणि उत्तर पुरं होईपर्यंत ती सोडायची नाही.

औषधवाले माझे जोडीदार. त्यांनी तोंडभर हसत सांगितलं की त्यांना फार राग आला आहे. का, तर दुसरं काही आठवत नव्हतं म्हणून. मी भीती सांगितली, ती खरी होती, पण सरावातलं वाक्य कोण खरं धरतं. पलीकडे थोरल्या बहिणीने धाकटीला काहीतरी सांगितलं आणि धाकटी बराच वेळ वहीवर रेघोट्या ओढत बसली.

वेतवाल्याने वहिनींसमोर खुर्ची ओढली, हाताची घडी घातली आणि विचारलं, तुला काय वाटतं? आणि लगेच स्वतःच पुटपुटला, सेमा. बाई खाकरल्या. त्याने जीभ चावली.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले, थांबले. त्याची घडी सुटायला लागली. तेवढ्यात वहिनींनी डाव्या हाताच्या नखाने टेबलाच्या कडेला लागोपाठ दोन टिचक्या मारल्या. अजून आलं नाही, ओढू नकोस, असंच ते होतं. मला तरी तसं वाटलं. त्याचं तर सगळं आयुष्य त्या आवाजावर गेलेलं. त्याचे हात होते तिथे थांबले. खांदे खाली आले. कामावर असतानाचा त्याचा चेहरा झाला, तो जुना, न बोलणारा.

"ब्रिमा," वहिनी म्हणाल्या. राग.

औषधवाले हसायला लागले होते, पण त्यांनी वेतवाल्याचं तोंड पाहिलं आणि हसणं खोकल्यात मिटवलं.

"नूशी?" त्याने विचारलं. का?

वहिनींनी बोट उचललं आणि त्याच्या ओठांवर ठेवलं. नुसतं टेकवलं. त्या उत्तराला शब्दाची गरज नव्हती. त्याला बोलताही आलं नसतं, बोट तिथेच होतं.

तिसरा प्रश्न त्याने फार हळू विचारला. तुला काय हवं? आम्ही सगळे आपापल्या वहीत बघत होतो, पण वाचत कुणी नव्हतं. मला वाटत होतं आता जायचं की राहायचं ते कळेल. त्यालाही तेच वाटत असणार, कारण घडी घातलेल्या हातांची बोटं त्याने काखेत आवळून धरली होती. खिडकीबाहेर कुणी हातगाडी ढकलत गेलं, तिच्या चाकाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. वहिनींनी एकदा चुकीचा शब्द काढला, मान हलवून तो परत घेतला. मग पाहिलं ते अर्ध्या विणलेल्या खुर्चीकडे. दोन स्टुलांवर ठेवलेली होती.

"दोम," त्या म्हणाल्या. आणि टिचकी मारली.

खाली. त्यांना खाली बसायचं होतं, खुर्चीच्या खाली, पाटावर, आपल्या जागी. आजारपणापासून त्याने त्यांना कशालाही हात लावू दिला नव्हता. वेत भिजवायची बादलीसुद्धा लांब सरकवली होती, पाणी सांडेल, हात दुखेल म्हणून. राहायचं की जायचं, यावर तो रात्रंदिवस डोकं फोडत होता, आणि त्यांचा प्रश्नच निराळा होता. तो कुणी विचारला नव्हता, इतकंच.

वेतवाल्याने घडी सोडली. त्या दिवशी त्याने नियम मोडला नव्हता, तरी कप त्यानेच गोळा केले आणि नळापाशी नेले. नळ बराच वेळ वाहत होता. त्याला कप धुवायला इतका वेळ लागत नाही.

महिनाअखेरीला मी त्याच्या खोलीवर गेलो. वाचनालयाच्या एका खुर्चीची चौकट मोडकी निघाली होती, ती तिथेच राहिली होती, सुताराकडे न्यायची होती. आत गेलो तर वर तो आणि खाली वहिनी. उजवा हात मांडीवर ठेवलेला. डाव्या हाताने पट्टी चाचपत होत्या. ती सुटायची, पुन्हा धरायच्या. पूर्वी मी दाराशी चपला काढेपर्यंत जे काम व्हायचं, तेवढ्या कामात आता माझं बसणं, पाणी पिणं, चष्मा पुसणं सगळं होऊन गेलं. तो पट्टीचं टोक धरून उभा. ओढत नव्हता. वाकून बघतही नव्हता. टिचकी वाजली, त्याने ओढलं.

"कशी झालीय?" त्याने मला विणीकडे बोट दाखवून विचारलं. मी निरखून पाहिलं. एका कोपऱ्यात वीण जरा सैल होती. मी म्हटलं, बरी आहे. खालून वहिनी हसल्या. माझं बरी म्हणजे काय ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. वेतवाल्याचे हात ओले, म्हणून त्याने फोन स्टुलावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला. मुलगा म्हणाला, मालकाला आज सांगायचंय ना, मग काय ठरलं? आई काय म्हणते?

मी पाहिलं, वेतवाल्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

"तिलाच विचार," तो म्हणाला. "आणि विचारून झालं की गप्प बस."

त्याने फोन खाली वहिनींच्या मांडीवर ठेवला. मुलगा गोंधळला असावा. म्हणाला, आई, इकडे येतेस ना? वहिनींनी उत्तर द्यायला घेतलं, आमच्या त्या बनवलेल्या भाषेत नव्हे, आपल्याच. पहिला शब्द अडकला. मुलगा लगेच म्हणाला, येतेस म्हणतेस ना, आई? वहिनींनी फोनच्या काठावर दोन टिचक्या मारल्या.

मुलगा त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांखाली रांगत मोठा झालेला. तो गप्प झाला. फोनमधून नुसता त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत राहिला. वेतवाला पट्टीचं टोक धरून उभा होता आणि भिंतीकडे बघत होता.

"काम," वहिनी म्हणाल्या. मग पुन्हा थांबल्या. "काम आहे. मग... येईन."

आणि टिचकी.

"बरं," मुलगा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "केव्हा?" आणि या वेळी तो खरंच थांबला.

वहिनींनी वर पाहिलं, अर्धवट विणीच्या भोकांतून, नवऱ्याकडे. त्याने काही सुचवलं नाही. त्यांनी फोन बाजूला सरकवला, तसाच चालू, आणि पट्टीसाठी हात वर केला. मी मोडकी चौकट उचलली आणि निघालो. दारातून बाहेर पडताना टिचकी ऐकू आली.